आरंभाच्या खुंटीपर्यंत

बुधवारी सकाळी नऊला वेंडल क्रॅबट्री मिस ऑर्फांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचा आणि त्यांना घरांच्या जप्तीच्या नोटिसा मोठ्याने वाचून दाखवायचा. कोणी ऐकलं तर म्हणेल, या दोघांना दुसरा उद्योग नाही. वेंडलला तरी होता. पिकरेल काउंटीत एकच साप्ताहिक निघायचं, 'मेसेंजर' नावाचं, आणि त्याचा मालक, संपादक, बातमीदार आणि वेळ पडल्यास झाडूवाला तो एकटाच होता. पण मिस ऑर्फांना नाही म्हणायची हिंमत डनलो गावात कोणाचीच नव्हती. वेंडलची तर नव्हतीच.

मिस ऑर्फा स्टिलवेल यांनी 'मेसेंजर'मध्ये साठ वर्षं प्रुफं तपासली. आधी वेंडलच्या वडलांच्या, म्हणजे हॉलिस क्रॅबट्रींच्या हाताखाली, मग वेंडलच्या. हाताखाली हे आपलं म्हणायला. कामाची पद्धत हॉलिसनी घालून दिलेली होती. एकाने वकिलाकडून आलेला मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने जुळवलेल्या मजकुरावर बोट ठेवून ऐकायचं. वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं. कॉमा आला की 'कॉमा' म्हणायचं, पूर्णविराम आला की 'पूर्णविराम'. बातमीत चूक झाली तर पुढच्या आठवड्यात माफी मागता येते, असं हॉलिस म्हणत. नोटिशीत चूक झाली तर एक तर लिलाव रद्द होतो, नाहीतर भलत्याच माणसाचं घर जातं.

दोन वर्षांपूर्वी राजधानीतल्या मंडळींनी कायदा बदलला. नोटिसा वर्तमानपत्रात छापायची गरज नाही, वेबसाइटवर टाकल्या की झालं. स्वस्त, झटपट, आणि म्हणे सगळ्या जगाला दिसतात. सगळ्या जगाला दिसतात हे खरंच आहे, पण बघणाऱ्याला आधी मालकाचं नाव टाकून शोधावं लागतं. स्वतःच्या घराचा लिलाव आहे का, हे रोज उठून कोण शोधतो? 'मेसेंजर'चं शेवटचं पान माणसं न शोधता वाचायची. न्हाव्याकडे नंबर येईपर्यंत वाचायची, शेगडी पेटवायला पेपर फाडता फाडता वाचायची. वेंडलला मात्र तेव्हा एवढंच दिसलं की पेपर सहा पानांवरून चारवर आला. तो आठ दिवस चिडचिड करत हिंडला. मिस ऑर्फांनी फक्त एक प्रश्न विचारला होता, "मग आता त्या वाचणार कोण?"

त्याच वर्षी त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही. नजरेच्या मधलं गेलं आणि कडेकडेचं राहिलं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही, असं त्या हसत सांगायच्या. वाचणं संपलंच. तेव्हा त्यांनी वेंडलला फर्मान काढलं, की दर बुधवारी यायचं आणि त्या वेबसाइटवरचं सगळं वाचून दाखवायचं. बदल्यात ताकात कुस्करलेला कॉर्नब्रेड मिळेल.

तर त्या ऑक्टोबरातल्या बुधवारी वेंडलने तीन नोटिसा वाचल्या आणि लॅपटॉप मिटायला घेतला.

"संपलं एवढ्यात?"

"एक आहे अजून. गॅसवेची. पण मैलभर लांबलचक मजकूर आहे तिचा, मिस ऑर्फा. राहू द्या."

"मागच्या बुधवारीही राहू दिली. आणि त्याच्या आदल्याही."

वेंडलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुम्हाला कळलं होतं?"

"डोळे गेलेत रे. कान जागेवर आहेत. वाच. आणि कॉमा गिळू नकोस, तू कॉमा गिळतोस."

वेंडलने वाचायला घेतलं. आर. डी. गॅसवे हप्ते थकवून केव्हाच अलाबामाला निघून गेला होता आणि त्याचं घर रिकामं पडलं होतं, हे गावाला माहीत होतं. लिलाव गुरुवारी सकाळी दहाला, कोर्टाच्या पश्चिमेच्या दारात. म्हणजे उद्याच. मग साडेसोळा फुटी 'पोल' या जुन्या मापातलं जागेचं वर्णन आलं, जे वेंडल कायम घाईत उरकायचा. "लूमिस रस्त्याच्या कडेच्या लोखंडी खुंटीपासून आरंभ करून, कॉमा, उत्तरेस तीस पोल व्हाइट ओकच्या झाडापर्यंत, सेमिकोलन, तिथून पूर्वेस बारा पोल रोवलेल्या दगडापर्यंत, सेमिकोलन..."

मिस ऑर्फांचं बोट टेबलावरच्या मेणकापडावर चालायला लागलं. हे तो नेहमी बघायचा आणि म्हातारपणाचा चाळा समजायचा. बोट वर गेलं, उजवीकडे वळलं, पुन्हा वर, पुन्हा उजवीकडे, मग लांब खाली उतरलं आणि डावीकडे सरकत सरकत नेमकं निघालं होतं तिथे येऊन थांबलं.

"...तिथून पश्चिमेस चाळीस पोल आरंभाच्या ठिकाणापर्यंत, दहा एकर, थोडे कमी किंवा जास्त." वेंडलने हुश्श केलं.

बोट उचललं गेलं नाही. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"शेवटी काय आहे? पूर्णविराम?"

वेंडलने चष्मा वर केला. "कॉमा आहे."

"कॉमानंतर काहीतरी असतं, बाळा. म्हणून तर तो घालतात."

"अहो, पण नाही ना! चौकट संपली. खाली एकदम तारीखच आहे."

मिस ऑर्फांनी मान जरा वर केली आणि भिंतीकडे तोंड करून, मनातल्या मनात काहीही न चाचपता, म्हणायला सुरुवात केली. "कॉमा, यातून मात्र वगळले आहेत ते दोन एकर, जे लूमिस यांनी सन एकोणीसशे एकाहत्तर साली विलार्ड स्पर्लॉक व पत्नी यांस विकले, कॉमा, ज्यांचा आरंभ त्याच रस्त्यालगत, खुंटीच्या पूर्वेस सहा पोलांवर..." आणि अशा त्या बोलत राहिल्या, ओहोळ, कुंपण, एक जुनी विहीर, सगळं घेत घेत, पूर्णविरामापर्यंत. वेंडलच्या हातातला चमचा ताकात तसाच राहिला.

"गॅसवेची ही जागा मूळची लूमिसची. याआधी जप्तीला दोनदा आली," त्या म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशीला आणि दोन हजार तीनला. दोन्ही वेळा ही शेपटी होती. जुन्या दस्तात होती म्हणून प्रत्येक नव्या दस्तात आली. त्या दोन एकरांत आता कोण राहतं?"

वेंडलला सांगावंच लागलं नाही. नेल्डा स्पर्लॉक. शाळेची बस चालवणारी नेल्डा. स्वतःच्या घराचं शेवटचं देणं फिटलं तेव्हा तिने अंगणात गावजेवण घातलं होतं. घरात तिची अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई ऑक्सिजनची नळी लावून पुढच्या खोलीत झोपलेली असायची. ही नोटीस त्याने दोनदा टाळली होती. कंटाळा आला म्हणून.

पुढचे चार तास त्याने फोनला कान लावून काढले. बँकेच्या वकिलांचं कार्यालय शहरात, आणि तिथे माणूस म्हणून नव्हताच, नुसता आवाज होता, जो दर मिनिटाला तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं सांगायचा. वेबसाइटवाल्यांनी एक अर्ज भरायला लावला आणि तीन ते पाच दिवसांत उत्तर येईल म्हणाले. शेवटी तो स्वतःच कोर्टाच्या दस्त कार्यालयात गेला. तिथल्या बाईंनी मात्र जुनं पुस्तक काढलं. शेपटी तिथे होती, मिस ऑर्फा म्हणाल्या होत्या तशीच, शब्दाला शब्द. बाईंनी शिक्का मारून नक्कल दिली आणि हळूच म्हणाल्या, "त्या साइटच्या चौकटीत ठराविकच अक्षरं मावतात, वेंडल. उरलेली गळून पडतात. आणि लिलावानंतर खरेदीखतही हल्ली त्याच चौकटीतून छापून येतं."

"म्हणजे घेणाऱ्याच्या कागदावर दहाच्या दहा एकर येणार?"

"नेल्डाच्या घरासकट. मग जा म्हणावं कोर्टात. लागतील दोन वर्षं. आणि हे शहरातले घेणारे कुलूपवाला बरोबर घेऊनच येतात."

नेल्डा दुपारी मुलांना सोडून परत आली, तेव्हा वेंडल बसच्या पायरीशीच उभा होता. आधी ती खो खो हसली. "माझं घर? अरे वेंडल, तुला जेवायला बोलावलं होतं की मी. तीन वेळा वाढून घेतलं होतंस!" मग त्याने नक्कल आणि लॅपटॉप दोन्ही समोर धरलं. ती वाचत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकेक ओळीने उतरत गेलं. शेवटी ती बसच्या पायरीवर बसली.

"आईला हलवलं तर ती मरेल," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय. नुसतं दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी."

"उद्या दहाला मी जातो. ही नक्कल दाखवतो."

"आणि त्यांनी नाही बघितली तर?"

संध्याकाळी मिस ऑर्फांना फोन करून वेंडलने सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिलाव अजून पुकारावा लागतो ना? दारात उभं राहून, मोठ्याने?"

"कायद्यात अजून आहे तसं. ते काढायचं विसरले असतील."

"मग सकाळी मला घ्यायला ये. आणि माझी काठी आण, अंगणातली जाड."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाच्या पश्चिमेकडच्या हिरवळीवर दव गच्च पडलं होतं. त्या बाजूला दुपारपर्यंत ऊन पोचतच नाही. बातमी गावात फिरली असणार, कारण पंधरावीस माणसं कॉफीचे कागदी कप धरून उभी होती. नेल्डाने आपली पिवळी बस सरळ रस्त्याकडेला लावली होती. पलीकडे एक पांढरी व्हॅन होती, तिच्यावर कुलपांचं चित्र, आणि तिला टेकून एक माणूस फोनवर कोणाशी तरी बोलत होता. बोली लावणारा तो एकटाच होता.

वकिलांकडून आलेला पोरगा पंचविशीचा असेल. नाव ब्रॅडन. चांगला कोट, आणि डोंगरातल्या थंडीला अगदीच बिनकामाचे बूट. वेंडलने नक्कल पुढे केली. ब्रॅडनने ती सभ्यपणे पाहिली आणि सभ्यपणेच परत केली.

"सर, मला यावर काही ठरवता येत नाही. साइटवर जे आहे ते मी विकतो. तक्रार असेल तर नंतर कोर्टात दाखल करा."

"नंतर? नंतर माझ्या आईला काय तुझ्या गाडीत झोपवू?" नेल्डा ओरडली.

"मॅडम, मी नुसता वाचायला आलोय."

"तेच तर हवंय," मिस ऑर्फा म्हणाल्या. त्या वेंडलच्या दंडाला धरून पुढे आल्या. ऐंशी पार केलेली किडकिडीत बाई, डोक्यावर लोकरी टोपी, पायात बागेतले रबरी बूट. "तू वाचायला आलायस. मग नीट वाच. सगळं वाच, कॉमासकट. मी जरा कमी बघते, म्हणून मी चालत ऐकणार आहे. हरकत नाही ना?"

ब्रॅडनने मान डोलावून खिशातून फोन काढला.

मिस ऑर्फांनी वेंडलला काठी हिरवळीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, फरसबंदीच्या कडेला रोवायला लावली. "ही फरसबंदी म्हणजे लूमिस रस्ता. काठी म्हणजे खुंटी. माझं एक पाऊल म्हणजे एक पोल. नेल्डा, तुझी पुढची खोली खुंटीपासून किती?"

नेल्डा त्या जमिनीवर रांगली होती. तिने क्षणभर डोळे मिटले. "पूर्वेला दहा. मग उत्तरेला आठ."

"मग तिथे जाऊन उभी राहा. आणि हलू नकोस."

नेल्डा पावलं मोजत गेली आणि दवात उभी राहिली. कोणीतरी मागे खुदकन हसलं आणि दुसऱ्या कोणीतरी त्याला गप्प केलं.

ब्रॅडन फोनवरून वाचायला लागला. आधी भराभरा. "कॉमा कुठाय?" मिस ऑर्फांनी पाठमोऱ्याच विचारलं. तो ओशाळला आणि सावकाश झाला. "लोखंडी खुंटीपासून आरंभ करून, कॉमा, उत्तरेस तीस पोल..."

त्या निघाल्या. समोरचं त्यांना दिसत नव्हतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. खाली बघायचा प्रश्नच नव्हता. हात जरासे बाजूला धरून, सारख्या मापाची पावलं टाकत त्या तीस पावलं गेल्या आणि थांबल्या. "व्हाइट ओक," त्या म्हणाल्या. "विजेने फाटलेला. पुढे." ब्रॅडनने वाचलं. पूर्वेस बारा. दगड. उत्तरेस चौदा. बीचचं झाड. पूर्वेस अठ्ठावीस. काळा अक्रोड. प्रत्येक वळणावर त्या काटकोनात वळायच्या आणि त्या झाडाचं नाव असं घ्यायच्या, की वेंडलला वाटलं, आता त्यांच्या हाताला साल लागेल. ती झाडं त्यांनी आयुष्यात पाहिलेली नव्हती. लूमिस रस्त्यावर त्या कधी राहिल्या नव्हत्या. साठ वर्षांत फक्त ऐकलं होतं.

दक्षिणेस चव्वेचाळीस. ओहोळाच्या काठचा सिकमोर. कप हातात निवले होते. त्या चालत होत्या तिथे दव पुसलं जात होतं आणि रुपेरी गवतावर हिरवीगार रेघ उमटत होती, सरळ, कोपऱ्याला कोपरा. लहानपणापासून वेंडल चर्चमधल्या बाकांवर बसत आला होता, पण असं त्याला तिथे कधी वाटलं नव्हतं.

"तिथून पश्चिमेस चाळीस पोल," ब्रॅडनचा आवाज बसला होता, "आरंभाच्या ठिकाणापर्यंत."

चाळीस पावलं. वेंडल मनात मोजत होता, सगळेच मोजत होते. अडतीस. एकोणचाळीस. चाळिसाव्या पावलाला मिस ऑर्फांनी उजवा हात पुढे केला आणि तो काठीच्या मुठीवर पडला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवायची ती गोष्टच नव्हती. गर्दीतल्या न्हाव्याने डोक्यावरची टोपी काढली.

"आता वाच पुढचं," मिस ऑर्फा म्हणाल्या.

"पुढे... पुढे काही नाही."

"मग बघ तू काय विकतोयस ते."

ब्रॅडनने बघितलं. गवतात हिरव्या रेघेचा मोठा सहा कोपऱ्यांचा घेर, आणि घेराच्या आत, रस्त्याजवळ, बसवाल्यांचं जाकीट घालून, दोन्ही हात घट्ट बांधून नेल्डा स्पर्लॉक. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही ती हलली नव्हती.

"मी उभी आहे ना, इथे आईची खाट आहे," ती म्हणाली. "इथे. खिडकीपाशी."

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने वेंडलकडे हात केला, "ती नक्कल द्या सर," आणि या खेपेला ती खरोखर वाचली, बोट ठेवून, ओठ हलवत. मग बाजूला जाऊन त्याने कोणत्या तरी खाजगी नंबरावर फोन लावला. एवढंच ऐकू आलं, "नाही, मी नाही विकणार. तुम्हाला विकायचं असेल तर तुम्ही इथे येऊन उभे राहा." परत आला तो दारात सरळ उभा राहिला आणि मोठ्याने पुकारलं की वर्णन अपुरं असल्यामुळे लिलाव तहकूब करण्यात येत आहे. शेवटी तो 'पूर्णविराम'ही म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते नंतर कळलं.

व्हॅनवाला निघून गेला. नेल्डाने मिस ऑर्फांना मिठीच मारली, इतकी की त्यांची टोपी पडली. "सोड, सोड, बरगड्या मोडशील. आधी घरी जा, आईला नाश्ता दे," त्या म्हणाल्या.

परतताना गाडीत वेंडल बोलला. "मिस ऑर्फा, ती नोटीस मी दोनदा टाळली. आणि खरं सांगू? आजवर मी एकही नोटीस शेवटपर्यंत वाचलेली नाही. तुमच्याबरोबर बसून वाचायचो तेव्हाही लक्ष नसायचं. मला वाटायचं, हे पान भरायचं काम आहे, पेपर चालतो म्हणून करायचं."

"माहीत आहे."

"तुम्ही बोलला नाहीत कधी."

"तुझ्या बापाचं लक्ष असायचं. तेवढं पुरत होतं." त्यांनी खिडकीकडे तोंड केलं, म्हणजे कडेच्या नजरेने तो त्यांना दिसला असणार. "तू बावीसचा होतास. नुकताच कॉलेजातून आला होतास, खेळाचं पान लावायचास. सप्टेंबर चौऱ्याऐंशी. त्या मंगळवारी हॉलिस एक नोटीस घेऊन माझ्यासमोर बसला आणि वाचायला लागला. मेपल रस्ता, प्लॉट नऊ."

वेंडलचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप निघाला. मेपल रस्ता, प्लॉट नऊ, म्हणजे तो आत्ता राहत होता ते घर. गाडी कडेला थांबली.

"आमचं?"

"तुमचं. नवं छपाई यंत्र घेतलं होतं ना त्याने, त्यापायी. काउंटीत पेपर एकच, आणि कायदा म्हणतो काउंटीतल्या पेपरात तीन आठवडे छापा. मग त्याने छापली. स्वतः जुळवली नाही, मला दिली. म्हणाला, ऑर्फा, मी वाचतो, तू बघ. नाव आलं तिथे आवाज जरासुद्धा हलला नाही. कॉमा न् कॉमा वाचला."

"आणि मी..."

"तूच दर गुरुवारी गठ्ठे पोस्टात टाकायला न्यायचास. दोन आठवडे नेलेस."

वेंडलने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. त्याच्या हातांना ते गठ्ठे आठवत होते, त्यांची सुतळी बोटात रुतायची.

"मी एक पाप केलं," मिस ऑर्फा म्हणाल्या. "नोटिशीत आकडा चुकला की लिलाव रद्द होतो, हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. पश्चिमेची बाजू एकशे चौदा फूट. मी जुळवताना एकशे एक्केचाळीस केलं. मुद्दाम. म्हटलं, कोणाला कळतंय. तो वाचत तिथे आला, 'एकशे चौदा' म्हणाला आणि थांबला. मी काही बोलले नाही. तो उठला, माझ्या खांद्यावरून बघितलं आणि म्हणाला, 'ऑर्फा, चौदा.' एवढंच. रागाने नाही. मी बदललं."

"मग घर राहिलं कसं?"

"तिसऱ्या आठवड्यात बँकेने नोटीस मागे घेतली. कोणीतरी जाऊन भरलं होतं. एकाने भरलं की दहांनी, ते हॉलिसलाही कधी कळलं नाही. मला एवढं माहीत आहे की कोणीतरी शेवटचं पान वाचलं होतं." मग त्या म्हणाल्या, "चल आता. पाय ओले आहेत माझे."

त्यांना सोडून वेंडल कचेरीत आला. आतल्या खोलीत जुन्या अंकांच्या बांधीव फायली होत्या, वर्षावर एकेक, पुठ्ठ्यावर धूळ. त्याने चौऱ्याऐंशीची काढली आणि सप्टेंबरातलं शेवटचं पान उघडलं. तिसऱ्या स्तंभात, ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली, बारीक अक्षरांत वडलांचं पूर्ण नाव होतं. इतर नावं होती त्याच अक्षरांत, ना मोठं, ना बारीक.

तो खुर्ची ओढून बसला, नोटिशीवर बोट ठेवलं आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचायला लागला, कॉमासकट. पश्चिमेच्या बाजूला आला तेव्हा त्याला थांबावं लागलं. चष्मा पुसून त्याने पुन्हा बघितलं.

तिथे एकशे चौदाच होतं.